तोंडाला रंग, अंगात पांढरा कोट आणि स्टेजवर सायकलचे भोंगे : शिकागोच्या पाच जणांनी जॅझची मैफल कलाप्रदर्शनासारखी कशी उभी केली?

स्टेजवर पाच माणसं येतात. तिघांच्या तोंडावर रंगाचे पट्टे, अंगावर आफ्रिकन झगे. चौथा पांढरा कोट घालून आलाय, आत्ता कुणाचं तरी ब्लडप्रेशर तपासेल असा. पाचवा साध्या कपड्यांत, ऑफिसातून थेट आल्यासारखा. पाचही जण पूर्वेकडे तोंड करून गप्प उभे राहतात. मग कुठून तरी एक घंटा वाजते.

त्यांच्याभोवती सॅक्सोफोन, ट्रम्पेट, ड्रम आहेतच. पण सोबत टांगलेल्या घंटा, थाळ्या, शिट्ट्या, शंख, झांजा, खुळखुळे, सायकलचे भोंगे आणि लहान मुलांची खेळणीही आहेत. पुढच्या तासाभरात यातलं काय वाजेल, कधी वाजेल, हे पाचांपैकी कुणालाच पूर्ण माहिती नसतं.

ही 'आर्ट एन्सेम्बल ऑफ शिकागो'. नावातच 'आर्ट' आहे आणि ते शोभेसाठी नाही. जॅझमधलं सगळ्यात धाडसी टोक आणि समकालीन कला एकाच स्टेजवर आणणाऱ्यांची यादी काढली, तर हे नाव फार वर असतं.

आधी इम्प्रोव्हायझेशन म्हणजे काय ते बघू

आपल्याकडे ख्याल गाणारा गायक बंदिश धरतो आणि त्या रागाच्या चौकटीत जागच्या जागी नवं काहीतरी काढतो. त्याला आपण उपज म्हणतो. जॅझमध्येही जुना प्रकार साधारण असाच होता. एक ओळखीचं गाणं, त्याचे ठरलेले कॉर्ड आणि त्यावर प्रत्येकाने आळीपाळीने घेतलेली भरारी.

१९५० च्या दशकाच्या शेवटी ऑर्नेट कोलमन, सेसिल टेलर अशा लोकांनी ही चौकटच सैल केली. कॉर्ड ठरलेले नाहीत, ताल सलग नाही, कुणी कधी पुढे यायचं हेही मोकळं. याला फ्री जॅझ म्हणायला लागले. न्यूयॉर्कमधलं फ्री जॅझ बहुतेक वेळा दाट, वेगवान आणि कानठळ्या बसवणारं असायचं. शिकागोच्या लोकांनी त्यात एक वेगळी गोष्ट आणली, ती म्हणजे शांतता. एक खुळखुळा, मग दहा सेकंद काहीच नाही, मग लांबून एक शिट्टी. चित्रकार कॅनव्हास रिकामा ठेवतो ना, तसं.

पण हे सुरू झालं पोटापाण्याच्या प्रश्नातून

१९६० च्या दशकात शिकागोच्या साऊथ साइड या कृष्णवर्णीय वस्तीतले क्लब एकामागून एक बंद पडत होते. जे उरले होते तिथे गिऱ्हाइकाला आवडेल तेच वाजवायचं आणि मालक देईल ते घ्यायचं. स्वतःची रचना वाजवायला जागा नव्हती.

मुहाल रिचर्ड अब्राम्स नावाचे पियानोवादक तेव्हा 'एक्सपेरिमेंटल बँड' चालवायचे. वस्तीतली पोरं तिथे येऊन आपलं लिहिलेलं वाजवून बघायची. मे १९६५ मध्ये अब्राम्स, जोडी ख्रिश्चन, स्टीव्ह मॅकॉल आणि फिल कोहरान यांनी वादकांची एक बैठक बोलावली. त्यातून उभी राहिली 'असोसिएशन फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ क्रिएटिव्ह म्युझिशियन्स', म्हणजे एएसीएम.

नियम साधे आणि कडक होते. संस्थेच्या कार्यक्रमात फक्त स्वतःची रचना वाजवायची. दुसऱ्याची कितीही गाजलेली असली तरी नाही. कार्यक्रम आपणच भरवायचे, पोस्टर आपणच लावायचे. वस्तीतल्या मुलांना संगीत फुकट शिकवायचं. संस्थेच्या नावात 'जॅझ' हा शब्द कुठेही नाही, हेही लक्षात घ्या. जॅझ म्हटलं की दारू, धूर आणि मागच्या दाराने एंट्री हे चित्र डोक्यात येतं, आणि त्यांना नेमकं त्याच्याबाहेर पडायचं होतं.

ही मंडळी एकटी नव्हती. १९६७ मध्ये त्याच साऊथ साइडवर ४३ वा रस्ता आणि लँगली ॲव्हेन्यूच्या कोपऱ्यावरच्या एका इमारतीवर चित्रकारांनी 'वॉल ऑफ रिस्पेक्ट' नावाचं मोठं भित्तिचित्र काढलं. त्यात चार्ली पार्कर, थेलोनियस मंक, जॉन कोल्ट्रेन यांचे चेहरे होते. त्या भिंतीसमोर कविता आणि संगीत व्हायचं. १९७१ मध्ये इमारतीला आग लागली आणि नंतर ती पाडली गेली. पण चित्रकार, कवी आणि वादक एकाच गल्लीत, एकाच प्रश्नावर काम करत होते, ही गोष्ट त्या भिंतीवरून कळते.

अब्राम्स स्वतः चित्रं काढायचे. सॅक्सोफोन वाजवणारा रॉस्को मिचेलही काढायचा.

सगळं विकून पॅरिस

मिचेलचा १९६६ चा 'साऊंड' हा एएसीएमच्या माणसांचा पहिला अल्बम. शिकागोच्या डेलमार्क कंपनीने काढला. यातल्या 'द लिटल सूट'मध्ये छोट्या छोट्या वाद्यांचा वापर आहे. पुढे यालाच 'लिटल इन्स्ट्रुमेंट्स' म्हणायला लागले. महागडा सॅक्सोफोन आणि बाजारातला भोंगा यांच्यात उच्च-नीच नाही, आवाज तो आवाज, हा विचार त्यामागे होता. रस्त्यावरची सापडलेली वस्तू कलादालनात ठेवून तिलाच कला म्हणणारे दृश्यकलेतले लोक आठवतील, तर गंमत अशी की हे लोक त्या वस्तू वाजवत होते.

मिचेलसोबत बासवर मलाकाय फेवर्स आणि ट्रम्पेटवर लेस्टर बोवी आले. जोसेफ जार्मन हा सॅक्सोफोनवादक आणि कवी. त्याच्या स्वतःच्या बँडमधले दोन तरुण साथीदार, ख्रिस्तोफर गॅडी आणि चार्ल्स क्लार्क, १९६८-६९ मध्ये वारले. त्या धक्क्यानंतर तो या मंडळीत आला.

शिकागोत पैसे मिळत नव्हते. मग १९६९ मध्ये बोवीने घरातलं फर्निचर विकलं आणि सगळे वाद्यं घेऊन पॅरिसला गेले. तेव्हा त्यांच्याकडे ड्रमर नव्हता, म्हणून चौघंही आळीपाळीने ठोकाठोकी करायचे. वाद्यांचा संसार त्यामुळेच एवढा वाढला. बोवीची बायको फाँटेला बास ही 'रेस्क्यू मी' या हिट गाण्याची गायिका. घरात पॉप स्टार आणि नवरा भोंगे वाजवतोय, असा मामला होता.

नावाची गोष्टही इथलीच. ते 'आर्ट एन्सेम्बल' होते. फ्रान्समध्ये जाहिरात करताना 'ऑफ शिकागो' जोडलं गेलं आणि तेच चिकटलं. १९७० मध्ये डेट्रॉइटकडून फिरत फिरत युरोपात आलेला डॉन मॉय ड्रमवर बसला आणि पाच जण पूर्ण झाले. दोनेक वर्षांत त्यांनी डझनभर अल्बम केले.

रंग आणि कोटाचं कोडं

फेवर्स, जार्मन आणि मॉय तोंड रंगवायचे. बोवीचा पांढरा कोट प्रयोगशाळेतला होता, कारण त्याच्या मते स्टेज ही संशोधनाची जागा. मिचेल साध्या कपड्यांत. म्हणजे एकाच रांगेत प्राचीन आफ्रिका, विज्ञान आणि आजचा शहरी माणूस. त्यांचं घोषवाक्यही तेच सांगायचं : 'ग्रेट ब्लॅक म्युझिक', प्राचीन काळापासून भविष्यापर्यंत.

युरोपातल्या काही प्रेक्षकांना यात 'जंगली आफ्रिका' दिसली, हेही खरं. रंगामागचा विचार मात्र वेगळा होता. मुखवटा चढवला की माणूस स्वतःपुरता राहत नाही, समूहाचा होतो. दशावतार किंवा सोंगी भारूड बघितलेल्याला हे वेगळं समजवायला नको.

स्टेजवर मग फक्त संगीत नसायचं. जार्मन कविता म्हणायचा, मध्येच छोटं नाटुकलं व्हायचं, बोवी ट्रम्पेटमधून हसायचा, घोड्यासारखा खिंकाळायचा. अमेरिकेत परतल्यावर जानेवारी १९७२ मध्ये शिकागो विद्यापीठाच्या मँडेल हॉलमध्ये झालेली त्यांची मैफल रेकॉर्डवर आहे. तासाभराहून जास्त, जवळजवळ न थांबता. मध्ये मध्ये आधी बसवलेल्या धून येतात, विरघळतात, पुन्हा मोकळं रान सुरू. 'ओडवाला' ही त्यांची ठरलेली धून आली की समजायचं, आता घरी जायची वेळ झाली.

म्हणजे वाट्टेल ते वाजवणं हे नव्हतंच. मिचेल शिकवताना एक गोष्ट सांगतो : समोरच्याने काही वाजवलं की लगेच त्याची नक्कल करणं ही नवख्याची खूण आहे, कारण नक्कल करणारा नेहमी एक पाऊल मागे असतो. स्वतःचं धरून ठेवून दुसऱ्याचं ऐकायचं. ते शिकवायला त्याने वेगवेगळे स्वरसमूह लिहिलेली कार्डंही बनवली, जी वादक आपल्या मनाने लावून घेतो.

विलिसाऊची ती नऊ मिनिटं

१९७६, स्वित्झर्लंडमधलं विलिसाऊ. लोक अँथनी ब्रॅक्स्टनला ऐकायला जमलेत. तो येऊ शकत नाही आणि त्याच्या जागी मिचेल एकटा आल्टो सॅक्सोफोन घेऊन उभा राहतो. प्रेक्षक नाराज आहेत. मिचेल 'नोना' या आपल्या रचनेची सुरुवात वाजवतो. छोटासा, टोकदार तुकडा. पुन्हा तोच. पुन्हा तोच. पुन्हा.

लोक ओरडायला लागतात, तरी तो थांबत नाही. आवाज थोडा चिरतो, थोडा वाकतो, पण तुकडा तोच. मिनिटांमागून मिनिटं जातात. हळूहळू ओरडण्यातला राग जातो आणि टाळ्या यायला लागतात. मग तो पुढे सरकतो.

हे सगळं १९७७ च्या 'नोना' अल्बममध्ये प्रेक्षकांच्या आवाजासकट आहे. पहिल्यांदा ऐकताना त्रास होतो आणि व्हायलाच हवा. समकालीन कलेत 'परफॉर्मन्स आर्ट' म्हणतात त्याचं याहून चांगलं उदाहरण शोधायला कष्ट पडतील : माणूस, जमाव आणि त्यांच्यातला ताण हीच कलाकृती.

मग याला 'कला' कुणी म्हटलं?

इथे खरी मेख आहे. त्याच काळात जॉन केज आणि त्याच्या परंपरेतले गोरे संगीतकारही योगायोग, शांतता, विचित्र वस्तूंचे आवाज यांवर काम करत होते. जार्मनने तर १९६५ मध्ये केजसोबत कार्यक्रमही केला. पण केजचं काम 'प्रायोगिक संगीत' म्हणून विद्यापीठात आणि संग्रहालयात जायचं. शिकागोच्या मंडळींचं काम 'जॅझ' म्हणून क्लबच्या खात्यात. अनुदानं वेगळी, समीक्षक वेगळे, मानधन वेगळं.

एएसीएमचाच ट्रोम्बोनवादक आणि अभ्यासक जॉर्ज लुईस याने हा भेद १९९६ च्या एका गाजलेल्या निबंधात उघडा पाडला आणि २००८ मध्ये संस्थेचा जाडजूड इतिहासही लिहिला. इम्प्रोव्हायझेशनमधली स्मृती आणि आयुष्य पुसून टाकलं की ते 'शुद्ध कला' ठरतं आणि तसंच ठेवलं की 'जॅझ', हा त्याच्या म्हणण्याचा गाभा. त्याच्याशी वाद घालणारेही आहेत, पण त्याच्या निबंधाला वळसा घालून या विषयावर बोलता येत नाही.

संग्रहालयांचे दरवाजे उघडले, पण उशिरा. २०१५ मध्ये एएसीएमच्या पन्नाशीला शिकागोच्या समकालीन कला संग्रहालयाने 'द फ्रीडम प्रिन्सिपल' हे प्रदर्शन भरवलं. वाद्यं, चित्रं, पोस्टर, आणि नव्या कलाकारांनी त्यांना दिलेलं उत्तर. ट्रम्पेटवादक वदादा लिओ स्मिथच्या रंगीत आकारांनी लिहिलेल्या स्वरलिपी भिंतीवर चित्र म्हणून टांगल्या जातात. त्यात सूर लिहिलेले नसतात. रंग आणि आकार बघून वादकाने अर्थ स्वतः शोधायचा असतो. २०१६ मध्ये लॉस एंजेलिसच्या हॅमर म्युझियमने त्याला कारकिर्दीसाठी मॉन पुरस्कार दिला, जो दृश्यकलेसाठी असतो. मिचेलच्या चित्रांचं स्वतंत्र प्रदर्शन २०२३ मध्ये शिकागोच्या गॅलरीत झालं.

गोव्याशीही एक धागा आहे. याच संस्थेतला हेन्री थ्रेडगिल, ज्याने गाडीच्या चाकांच्या टोप्या टांगून 'हबकाफोन' नावाचं वाद्य बनवलं होतं, तो १९९० च्या दशकात गोव्यात घर करून राहायचा. २०१६ चं संगीताचं पुलित्झर त्याला मिळालं.

ऐकायचं कुठून?

थेट 'नोना'ला हात घालू नका. १९७० च्या 'ले स्टान्स आ सोफी'पासून सुरुवात करा. हे एका फ्रेंच सिनेमाचं संगीत आहे, फाँटेला बास गायलीय आणि पहिल्याच ट्रॅकवर पाय आपोआप हलतो. मग १९७९ चा 'नाइस गाइज'. मग मँडेल हॉल. हेडफोन लावा, कारण अर्धी वाद्यं मोबाईलच्या स्पीकरवर ऐकूच येत नाहीत.

बोवी १९९९ मध्ये गेला, फेवर्स २००४ मध्ये, जार्मन २०१९ मध्ये. जार्मन मधली काही वर्षं बँड सोडून ब्रुकलिनमध्ये बौद्ध धर्मगुरू म्हणून राहिला आणि आयकिडो शिकवत होता. २०१९ मध्ये, पन्नासाव्या वर्षी, मिचेल आणि मॉय यांनी तरुण वादकांचा मोठा ताफा घेऊन 'वी आर ऑन द एज' काढला. शिकागोची एएसीएम अजून चालू आहे.