राख गेली, बाटली आली

तेरखेडा म्हटलं की लोकांना फटाके आठवतात. आज मात्र आपण मोरीतल्या राखेबद्दल बोलू.

आपल्या आज्या चुलीतली राख चाळून नारळाच्या शेंडीनं भांडी घासायच्या. लाकडाच्या राखेत खार असतो, तो तेलकटपणा सोडवतो. तांब्या-पितळेला चिंच लावायच्या, कारण आंबटानं डाग निघतात. कपड्यांना रिठा, त्याच्या टरफलातच फेस.

1888 मध्ये विलायती ‘सनलाइट’ साबणाच्या पेट्या कोलकात्याच्या बंदरात उतरल्या. 1969 मध्ये अहमदाबादेत करसनभाई पटेलांनी घराच्या परसात स्वस्त ‘निरमा’ पावडर बनवायला घेतली. पुढे घरोघरी गॅस आला, चूल विझली, राखही गेली.

आता मोरीत बाटल्या आहेत. राखेत चिंच पडली तर फार तर दोन्हींचा गुण कमी व्हायचा. पण ब्लीचिंग पावडर आणि संडासाचं ॲसिड एकत्र आलं की क्लोरीनचा विषारी वायू निघतो. जीवही जाऊ शकतो. म्हणून एका वेळी एकच वापरा, दार-खिडकी उघडी ठेवा. चुकून मिसळलंच, तर आवरत बसू नका, पोरांना घेऊन आधी बाहेर पडा. फरशी नंतरही पुसता येते.