परसातील कुक्कुटपालन, भारतातील

परसातील कुक्कुटपालन : घराच्या अंगणात वा परसात पाच ते वीस कोंबड्यांचा लहान कळप, विकत घेतलेल्या खाद्यावर फारसे अवलंबून न राहता, पाळण्याची पद्धत. दिवसा कोंबड्या मोकळ्या सोडतात. सांडलेले दाणे, किडे, वाळवी, कोवळे गवत व खरकटे यांवर त्या पोट भरतात आणि रात्री त्यांना खुराड्यात किंवा डालग्याखाली कोंडतात. अशा कळपाची वाढ कोंबडीच्या खुडूक होण्यावर, म्हणजे अंडी घालणे थांबवून ती उबविण्यास बसण्याच्या उपजत प्रवृत्तीवर, अवलंबून असते. अधिक अंड्यांसाठी झालेल्या आधुनिक पैदाशीत मात्र हीच प्रवृत्ती दोष मानली गेली. भारतातील या पालनपद्धतीच्या अलीकडच्या इतिहासात हा विरोध सातत्याने आढळतो.

उगम : पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज लाल रानकोंबडा (गॅलस गॅलस) होय, असे मत चार्ल्‌स डार्विन यांनी १८६८ मध्ये मांडले. कोंबडी प्रथम सिंधू खोऱ्यात माणसाळली असे पुष्कळ काळ मानले जात असे. तथापि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासावरून नैर्ऋत्य चीन, उत्तर थायलंड व म्यानमार या प्रदेशातील उपजातीशी तिचे सर्वांत जवळचे नाते दिसून आले. निश्चितपणे पाळीव म्हणता येतील असे सर्वांत जुने अवशेष थायलंडमधील बान नोन वाट येथे मिळाले असून त्यांचा काळ इ. स. पू. सु. १६५०–१२५० हा आहे. भात व भरड धान्याच्या शेतीमुळे दाण्याच्या आशेने रानपक्षी वस्तीजवळ आले आणि तेथेच राहिले, असे संशोधक मानतात. सह्याद्रीत आढळणाऱ्या करड्या रानकोंबड्याचाही (गॅलस सोनेराटाय) या वंशात वाटा आहे. अनेक पाळीव जातींत दिसणाऱ्या पिवळ्या कातडीचे जनुक त्याच्याकडून आले, हे २००८ मध्ये सिद्ध झाले.

प्राचीन व मध्ययुगीन काळ : यजुर्वेदाच्या वाजसनेयी संहितेत कुक्कुटाचा उल्लेख आहे. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात (इ. स. पू. तिसरे शतक) कोंबड्यांचे खच्चीकरण करण्यास मनाई केलेली आहे, त्यावरून मांसासाठी कोंबडे खच्ची करण्याची रीत त्या काळी रूढ असावी, हे स्पष्ट होते. मनुस्मृतीने द्विजांना ग्रामकुक्कुट अभक्ष्य ठरविला. वस्तीतील घाण उकरून खाणारा पक्षी म्हणून तो अपवित्र मानला जाई. या निषेधामुळे कोंबडी पाळणे हे प्रामुख्याने शेतकरी, कारागीर, दलित व आदिवासी, तसेच मुसलमान व ख्रिस्ती कुटुंबांकडे राहिले. ग्रामदेवतांच्या नवसाला व जत्रांना कोंबडा लागत असे, तर असील जातीचे कोंबडे झुंजीसाठी जोपासले जात. या असीलचा उपयोग करून इंग्लंडमध्ये कॉर्निश ही जात तयार झाली आणि आजच्या मांसल कोंबड्यांच्या (ब्रॉयलरच्या) वंशात तिचा मोठा भाग आहे.

पारंपरिक पद्धती : गावरान कोंबडी वर्षाला सु. ६० ते ८० अंडी देते व ती तीन-चार पाळ्यांत घालते. प्रत्येक पाळीनंतर ती खुडूक होते. मग गवत किंवा भुसा घातलेल्या टोपलीत दहा-बारा अंडी मांडून तिला अंधाऱ्या, शांत कोपऱ्यात बसवितात. एकविसाव्या दिवशी पिले बाहेर पडतात आणि कोंबडी त्यांना दीड-दोन महिने सांभाळते. ती त्यांना दाणा टिपावयास शिकविते, पंखाखाली ऊब देते व घारीची चाहूल लागताच लपविते. तरीही घार, मुंगूस, रानमांजर, पाऊस व रोग यांमुळे बरीच पिले दगावतात. उबविण्यासाठी कोणाची अंडी घ्यावयाची, कोणती तलंग राखावयाची व कोणती विकावयाची, हे बहुधा घरातील बाई ठरविते. अंड्या-कोंबड्यांचे पैसेही बहुतेक तिच्याच हाती राहतात. मीठमिरची, औषध, मुलांच्या पाटीपुस्तकांचा खर्च त्यांतून भागतो. ज्या घरात जमीन वा जनावर बाईच्या नावावर नसते, तेथे कोंबडी ही तिची मोजकी स्वतंत्र मालमत्ता होय. आदिवासी भागांत कोंबडी वाट्याने पाळावयास देण्याचीही रीत आहे. पाळणारीला पिलांतील हिस्सा मिळतो व त्यातून तिचा स्वतःचा कळप उभा राहतो. ही सर्व व्यवस्था एका खुडूक कोंबडीपासून सुरू होते.

रोग व लस : लहान कळपाचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे राणीखेत रोग. ग्रामीण भागात तो मानमोडी या नावानेही ओळखला जातो. १९२६ मध्ये जावा बेटात व इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे त्याची नोंद झाली. १९२७ मध्ये कुमाऊँमधील राणीखेत येथे तो आढळला व त्यावरून भारतात त्याला हे नाव पडले. मुक्तेश्वर येथील पशुवैद्यक संस्थेत १९४०–५० या दशकात त्यावर परिणामकारक जिवंत लस तयार झाली. परंतु लस शीतपेटीतून न्यावी लागते व तिची एक कुपी शंभर वा अधिक पक्ष्यांसाठी असते. फोडलेली कुपी लवकर संपवावी लागते. पाच-सात कोंबड्या असलेल्या घरासाठी ही सोय अपुरी ठरली आणि साथ आली की एका आठवड्यात खुराडे रिकामे होत राहिले.

सुधारणेचे प्रयत्न : इंग्रजी अमलात मिशनरी व अधिकाऱ्यांनी लेगहॉर्न, ऱ्होड आयलंड रेड इ. परदेशी जाती भारतात आणल्या. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत (१९५६–६१) विभागीय कुक्कुटक्षेत्रे स्थापन झाली व गावोगावी सुधारित जातींचे नर वाटण्यात आले. १९६० नंतर उपयोजित पोषण कार्यक्रमातूनही कुक्कुटपालनास चालना मिळाली. संकरित पिढी अंडी अधिक देई. पण पुढील पिढ्यांत तो गुण टिकत नसे. पांढऱ्या पिसांचे पक्षी घारीच्या दृष्टीस लवकर पडत. लेगहॉर्नच्या रक्ताबरोबर खुडूक होण्याची प्रवृत्तीही मंदावली. कोंबडी खुडूक झाली की तिचे अंडी घालणे कित्येक आठवडे थांबते. म्हणून व्यापारी पैदाशीत ही प्रवृत्ती निवडीने काढून टाकण्यात आली होती. उबवणी यंत्रे असलेल्या क्षेत्रावर हा लाभ होता, परसात मात्र ती हानी ठरली.

१९७१ मध्ये पुण्यास व्यंकटेश्वरा हॅचरीज या उद्योगाची स्थापना झाली आणि पुढील दशकांत व्यापारी कुक्कुटपालन झपाट्याने वाढले. शासकीय संशोधनाचा भरही प्रथम त्याच दिशेने होता. इज्जतनगर येथे केंद्रीय पक्षी संशोधन संस्था १९७९ मध्ये, तर हैदराबाद येथे कुक्कुट प्रकल्प संचालनालय १९८८ मध्ये स्थापन झाले. त्यानंतर परसासाठी वेगळे वाण तयार करण्याकडे लक्ष गेले. बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाचा गिरिराजा आणि हैदराबादचे वनराजा व ग्रामप्रिया हे त्यांपैकी प्रमुख होत. हे पक्षी रंगीत पिसांचे, काटक व गावरान कोंबडीपेक्षा अधिक अंडी देणारे आहेत. तथापि ते सहसा खुडूक होत नाहीत, त्यामुळे दर खेपेस पिले उबवणी केंद्रातून आणावी लागतात. अनेक घरांत त्यांची अंडी गावरान कोंबडीखालीच उबविली जातात.

अलीकडील काळ : फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील बर्ड फ्ल्यूचा (एच५एन१) पहिला प्रादुर्भाव व्यापारी क्षेत्रांवर आढळला. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातील परसातील कळपांतही तो दिसून आला. २००८ मध्ये पश्चिम बंगालमध्ये तो मुख्यतः परसातील कळपांत पसरला व ४० लाखांहून अधिक पक्षी मारावे लागले. साथ रोखण्यासाठी बाधित परिघातील सर्व पक्षी मारणे आवश्यक असते व त्याबद्दल पक्ष्यामागे ठराविक भरपाई देण्यात येते. परंतु अशा परिघात उबवणीस बसणारी एकही कोंबडी उरत नाही आणि भरपाईच्या रकमेतून ती जवळपास विकतही मिळत नाही. कळप पुन्हा उभा राहण्यास त्यामुळे विलंब लागतो.

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशातील ८५.१८ कोटी कुक्कुट पक्ष्यांपैकी ३१.७१ कोटी परसातील होते. २०१२ च्या तुलनेत त्यांत सु. ४६ टक्के वाढ झालेली आढळली. मध्य प्रदेशातील झाबुआच्या काळ्या मांसाच्या कडकनाथ कोंबडीस २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले व गावरान अंड्यांना शहरांत चढा भाव येऊ लागला. या मागणीने कळप वाढले, तरी नव्याने येणाऱ्या पक्ष्यांपैकी पुष्कळ यंत्रात उबविलेले असतात. वार्षिक अंड्यांची संख्या हे व्यापारी कोंबडीचे योग्य माप आहे. परसातील कोंबडीचे मोल मात्र तिने स्वतः उबवून वाढविलेल्या पिलांवरूनही ठरते. गावरान वंशांच्या जतनात खुडूक होण्याचा गुण राखणे म्हणूनच महत्त्वाचे आहे. तो गेल्यास दाणा टिपणारी कोंबडी परसात राहील, पण कळप चालू ठेवण्याची शक्ती घराबाहेर जाईल.