विद्येआधी न्याहारी

विद्येला अन्नाची जोड देण्याची तमिळ परंपरा आम्हां मराठी जनांस परकी नाही. तंजावरच्या सरफोजीराजांनी एकोणिसाव्या शतकारंभी ओरतनाडू येथे उभारलेल्या मुक्तांबाळ छत्रात अन्नदानासोबत पाठशाळाही चाले. १९२० साली मद्रास कॉर्पोरेशनने थाउजंड लाइट्स येथील शाळेत मुलांना फराळ देण्याचे ठरविले. मर्यादा, दर मुलामागे रोज एक आणा. १९५६ साली कामराज यांच्या कारकिर्दीत शाळांतील दुपारचे जेवण लोकवर्गणीवर सुरू झाले. सरकारचा वाटा मागाहून आला. १५ सप्टेंबर २०२२ रोजी मदुरैतून सरकारी प्राथमिक शाळांत न्याहारी सुरू झाली. ती रांधण्याचे काम बचतगटांच्या स्त्रियांकडे आले. उपाशी मुलाला अक्षर दिसत नाही. ज्या भूमीने आम्हांस पोसले, तिच्या लेकरांसाठी या सुवर्णमहोत्सवी वर्षी आम्हीही मूठभर धान्य काढून ठेवावे.