मावळ बघायला आलेले

किल्ला बघायला जाणं ही मावळात तशी अलीकडचीच गोष्ट. नांदत्या किल्ल्यावर बघ्यांना वाव नसे. हवालदार, सबनीस, कारखानीस यांच्या हाती कारभार, दिवस मावळला की दरवाजे बंद, आणि परक्या माणसाला चौकशीशिवाय आत घेणार कोण? गड ओस पडल्यावरच तो बघण्याजोगा झाला. म्हणूनच आजच्या रविवारच्या गर्दीचा माग काढायला निघालो की आधी किल्ल्यावर नव्हे, लेण्यात जावं लागतं.

कार्ल्याच्या लेण्यात दोन हजार वर्षांपूर्वी लोक येत ते दान देण्यासाठी. चैत्याच्या खांबाखांबावर देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत आणि त्यांत धेनुकाकट या गावचे यवन, म्हणजे ग्रीकही आहेत. बाहेरचा सिंहस्तंभ गोतीपुत्र अग्निमित्रणक या महारठीचा, आणि हे शैलगृह जंबुद्वीपात सर्वोत्तम असल्याची ग्वाही देणारा भूतपाल श्रेष्ठी वैजयंतीचा, म्हणजे थेट बनवासीकडचा. राजेही त्याच रांगेत होते. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने इथल्या भिक्खूंना करजिक गाव दिलं. क्षत्रप हरले, सातवाहन आले, आणि त्यांनी तेच गाव त्याच भिक्खूंना पुन्हा दिलं. तो हुकूम ‘मामाल’च्या, म्हणजे मावळच्याच, अंमलदाराच्या नावे आहे. सत्ता बदलली की जुनीच सनद नव्या शिक्क्यानं पुन्हा काढायची, ही रीत इतकी जुनी.

भिक्खू गेले तरी डोंगराची वाट मोडली नाही. चैत्याच्या तोंडाशीच एकवीरा आहे. कोळी, आगरी, चांद्रसेनीय कायस्थ प्रभू अशा अनेकांची ती कुलदेवता, आणि चैत्रात तिची यात्रा भरते. किनाऱ्यावरून पालखीसोबत चालत येणाऱ्याला सातवाहनांशी देणंघेणं नाही. तो देवीला नवस फेडायला येतो, लेणं वाटेत लागतं. पण चैत्याचं अंगण माणसांनी भरलेलं राहिलं ते त्याच्यामुळे, एवढं श्रेय त्याला द्यायला हरकत नाही.

निव्वळ बघायला म्हणून आले ते साहेब. १८०४ मध्ये लॉर्ड व्हॅलेन्शिया आला, त्याच्यासोबत हेन्री सॉल्ट हा चित्रकार. १८०९ मध्ये मारिया ग्रॅहम आली. १८१२ मध्ये छापलेल्या तिच्या रोजनिशीत कार्ल्याची हकीकत आहे. तेव्हा पुण्यात पेशवाई होती, दुसरा बाजीराव गादीवर होता. पाहुण्यांनी लेणी डोळे भरून पाहिली. समोरचा लोहगड मात्र अजून जिता किल्ला होता.

मार्च १८१८ मध्ये हे जितेपण संपलं. इंग्रजांच्या कर्नल प्रॉथरने आधी विसापूर घेतला. तो लोहगडाहून उंच, तिथून तोफा खाली रोखता येतात. लोहगड दुसऱ्याच दिवशी लढाईविना हाती आला. पुढे इंग्रजांनी विसापूरचे दरवाजे आणि तटबंदी पाडली. लोहगड शाबूत राहिला, आणि आजची सगळी गर्दी त्या शाबूतपणाची आहे.

१८३० मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला, १८६३ मध्ये रेल्वेही घाट चढून आली, आणि मुंबईच्या माणसाला खंडाळा-लोणावळा सुट्टीतलं ठिकाण झालं. १८८१ मध्ये बर्जेस आणि भगवानलाल इंद्रजी यांनी पश्चिम भारतातल्या लेण्यांचे शिलालेख एकत्र छापले, तेव्हा खांबांवरची ती नावं एका जागी वाचायला मिळाली.

मराठी माणूस गडावर गेला तो वेगळ्या ओढीनं. १८९० च्या दशकात रायगडावरच्या शिवाजी महाराजांच्या समाधीचा प्रश्न पेटला, टिळकांनी शिवाजी उत्सव उभा केला आणि पडके बुरुज एकाएकी आपले वाटू लागले. साहेबाची रीत आपण उचलली आणि तिची वारी केली. मावळात या वारीचे जुने वारकरी म्हणजे गोनीदा. गोपाळ नीलकंठ दांडेकर तळेगाव दाभाड्यात राहत, मनात आलं की गड चढत. त्यांचा ‘माचीवरला बुधा’ वाचून राजमाचीची वाट धरणारे पुष्कळ. मुंबई सोडून माचीवर परतलेल्या एका म्हाताऱ्याची ती गोष्ट, तिच्यात लढाई नाही की तह नाही. इतिहासाच्या पुस्तकांनी जेवढी माणसं गडावर नेली, त्याहून जास्त या कादंबरीनं नेली असतील, असं मला वाटतं.

लोहगडावर आता चढताना ‘शिवाजी महाराज की जय’चा गजर होतो, आणि तो रास्तच आहे. १६६५ च्या पुरंदरच्या तहात हा गड मोगलांकडे गेला, १६७० मध्ये परत आला. पण त्या वेळी हात टेकलेला असतो तो बऱ्याचदा नाना फडणविसांच्या चिऱ्यावर. नारायण दरवाजा नानांनी बांधलेला, तिथल्या भुयारात भात आणि नाचणी साठवत. माथ्यावरची सोळा कोनांची बावही त्यांचीच. नानांचा खजिना या गडावर, आणि त्यांचा विश्वासू धोंडो बल्लाळ नित्सुरे गडाच्या राखणीला. नानांच्या मृत्यूनंतर त्यांची पत्नी जिऊबाई इथेच आश्रयाला होती. वाटाडे हे क्वचितच सांगतात, कारण ऐकणाऱ्याला ते नको असतं. फडणिसाच्या नावाचा जयजयकार कोण करणार!

मळवलीला लोकल थांबते, शेजारून द्रुतगती मार्ग जातो, गाडी थेट लोहगडवाडीत पोचते. पावसाळ्यातल्या रविवारी गणेश दरवाजात माणसं अडकून पडतात. पायथ्याशी पुरातत्त्व खात्याचं तिकीट काढावं लागतं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे १२ किल्ले गेले. त्यांत मावळातला लोहगड आहे. राजमाची, तुंग, तिकोना, विसापूर नाहीत.

भाज्याहून वर आलं की गायमुख खिंडीत उजवीकडे लोहगड, डावीकडे विसापूर. सगळे उजवीकडे वळतात. १८१८ समजून घ्यायचं असेल तर आधी डावीकडे वळावं. विसापूरला तिकीट नाही, धड दरवाजाही नाही, आणि लोहगड लढाईविना का पडला हे विसापूरच्या पश्चिम कड्यावर उभं राहिल्याशिवाय कळत नाही.