पंखा फिरविणारे हात

विमानाचा इतिहास सांगावयाचा म्हटले की लोक उड्डाणापासून प्रारंभ करतात. कोण किती उंच गेले, किती सेकंद हवेत राहिले, हे शाळेतल्या मुलांनाही पाठ असते. परंतु उडण्यापूर्वी इंजिन सुरू व्हावे लागते, आणि ते सुरू करताना माणसाचा हात, प्रसंगी प्राणही जातो. ही बाजू फारशी कोणी सांगत नाही. आम्ही कामगारांत वावरणारी माणसे. तेव्हा याच बाजूने विषय मांडण्याचे आम्ही योजले आहे.

राइट बंधूंचे १९०३ चे विमान हे घरी बांधलेलेच विमान होते, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. अमेरिकेतील डेटन गावी त्यांचे सायकलींचे दुकान होते. हवे तसे हलके इंजिन बाजारात मिळेना, तेव्हा दुकानातील कारागीर चार्ली टेलर याने लेथ, ड्रिल आणि हातची हत्यारे एवढ्यावर सहा आठवड्यांत चार सिलिंडरांचे, सुमारे १२ अश्वशक्तीचे इंजिन उभे केले. ते सुरू करताना ठिणगीसाठी कोरड्या बॅटऱ्यांची पेटी विमानाजवळ आणीत आणि पंखे हाताने फिरवीत. इंजिन चालू लागले की पेटी दूर होई आणि पुढची ठिणगी विमानावरील मॅग्नेटो देई. विमान मात्र तारेने बांधलेले असे. १७ डिसेंबर १९०३ रोजी इंजिन तापल्यावर ऑर्व्हिलने ती तार सोडली आणि १२ सेकंदांचे पहिले उड्डाण झाले. आधी बांधा, मग सुरू करा, हा नियम पहिल्याच दिवशी पाळला गेला होता.

पुढे मॅग्नेटो सर्वत्र आला आणि धोक्याचे स्वरूप बदलले. मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही. इंजिनाचा दांडा फिरला की तो आपली वीज आपणच निर्माण करतो. घरच्या दिव्याचा स्विच बंद केला की विजेची वाट तुटते. मॅग्नेटोचे याच्या उलट आहे. तेथे स्विच बंद केला की विजेला इंजिनाच्या धातूत जिरून जाण्याची वाट मिळते आणि ठिणगी पडत नाही. ती वीज जिरविणारी तार तुटली किंवा सैल झाली, तर स्विच बंद दिसतो आणि इंजिन जागे असते. अशा वेळी पंख्याला सहज लावलेला हातही घात करू शकतो. म्हणून जाणता मेकॅनिक प्रत्येक पंखा चालू आहे असे समजूनच त्याच्याजवळ जातो.

पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश विमानदळात यावर बोलाचालीची एक रीत रूढ झाली. चाकांपुढे लाकडी ठोकळे असत. मेकॅनिक पंख्यापुढे उभा राहून ओरडे, 'स्विच ऑफ, पेट्रोल ऑन'. वैमानिक तेच शब्द परत म्हणे. मग मेकॅनिक पंखा सावकाश फिरवून सिलिंडरांत पेट्रोलची वाफ ओढून घेई. नंतर तो 'कॉन्टॅक्ट' म्हणे. वैमानिक तोच शब्द उच्चारून स्विच लावी. आणि मगच जोराचा हिसका बसे. 'ऑन' आणि 'ऑफ' गोंगाटात सारखेच ऐकू येतात. 'कॉन्टॅक्ट'ला तो दोष नाही. आम्हाला यात आणखी एक गोष्ट दिसते. वैमानिक हुद्द्याने मोठा, परंतु येथे पहिला शब्द मेकॅनिकचा, आणि साहेबाने तो मुकाट्याने परत म्हणावयाचा! ज्याचा हात यंत्रात, त्याचा शब्द वर, हा न्याय आमच्या कारखान्यांतून अजूनही भांडून मिळवावा लागतो.

मोठ्या इंजिनांना पुढे यांत्रिक आणि विजेचे स्टार्टर मिळाले. लहान विमानांचे हात सुटले नाहीत. आपल्याकडील फ्लाइंग क्लबांतली टायगर मॉथ विमानेही पंखा हाताने फिरवूनच सुरू होत. १९५३ साली अमेरिकेत मिलवॉकी येथे हौशी विमानबांधणीकारांची संघटना स्थापन झाली. अशा लोकांपैकी अनेकांनी वजन आणि पैसा वाचविण्यासाठी स्टार्टर वगळला. परंतु घरी विमान बांधणारा मनुष्य आपणच मालक, आपणच कारागीर आणि आपणच वैमानिक असतो. 'कॉन्टॅक्ट' म्हणावयास दुसरे कोणी नसते!

याचे फळ काय होते? ३० ऑगस्ट १९५५ रोजी सिडनीजवळील बँक्सटाउन येथे एका लहान ऑस्टर विमानाचे बंद पडलेले इंजिन वैमानिकाने खाली उतरून हाताने सुरू केले. विमान त्याला मागे टाकून एकटेच उडाले. सुमारे तीन तास ते शहरावर व आसपास घिरट्या घालीत राहिले आणि शेवटी नौदलाच्या विमानांनी ते समुद्रावर पाडले. सुदैवाने जीवितहानी झाली नाही.

म्हणून नियम थोडे, पण कडक आहेत. शेपटी बांधा, चाकांना ठोकळे लावा, थ्रॉटल जवळजवळ बंद ठेवा. आत जाणता माणूस बसवा. पायाखालची जमीन कोरडी व घट्ट असावी. अंगावर लोंबते कापड नसावे. बोटे पात्याच्या कडेभोवती वळवू नयेत. आणि ओढताना अंग पंख्यापासून मागे जाईल असेच उभे राहावे.

यातला एकही नियम यंत्राने शिकविलेला नाही. कुणाचा तरी हात गेला, तेव्हा तो लिहिला गेला. ज्या टेलरच्या इंजिनावर जग उडाले, तो १९५५ साली लॉस एंजेलिसच्या एका रुग्णालयात धर्मादाय खाटेवर पडलेला आढळला. विमानधंद्यातील लोकांनी पुढे त्याची सोय केली. १९५६ साली तो वारला. उडणाऱ्याचे नाव इतिहासात राहावेच. परंतु पंखा फिरविणाऱ्याचे हातही शाबूत राहिले पाहिजेत, एवढेच आमचे मागणे आहे.