युद्धगज व माहूत

युद्धगज व माहूत : युद्धासाठी शिकवून तयार केलेला हत्ती व त्याच्या मानेवर बसून त्याला हुकमतीत ठेवणारा चालक. प्राचीन भारतीय सैन्याची हत्ती, घोडे, रथ व पायदळ ही चार अंगे मानीत. त्यांवरूनच चतुरंग हा पटावरील खेळ निघाला व पुढे त्यातून बुद्धिबळ विकसित झाले. पटावरील हत्ती खेळाडूने नेमलेले घर कधी सोडीत नाही. रणांगणावरील हत्तीला मात्र भीती, वेदना व माज असतो. त्यामुळे हत्ती मिळविण्याइतकाच, किंबहुना त्याहूनही अधिक, लढाईच्या ऐन भरात तो ताब्यात ठेवण्याचा प्रश्न बिकट होता.

शिक्षण : कौटिलीय अर्थशास्त्रात हत्तींचे दम्य (माणसाळविण्याजोगा), सान्नाह्य (युद्धोपयोगी), औपवाह्य (वाहनोपयोगी) व व्याल (उपद्रवी) असे चार वर्ग केले आहेत. सान्नाह्य हत्तीच्या शिक्षणाचे सात भाग सांगितले आहेत : उपस्थान, संवर्तन, संयान, वधावध, हस्तियुद्ध, नागरायण व सांग्रामिक. वाकणे, उठणे व वळणे यांपासून आरंभ करून सरळ व तिरप्या चाली, शत्रूला तुडविणे, हत्तीशी झुंज, नगरद्वारावरील हल्ला व अखेरीस प्रत्यक्ष संग्राम असा हा क्रम आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास (बारावे शतक) या ग्रंथात हत्ती पकडणे व पोसणे यांबरोबरच गजवाह्याली या गजक्रीडेचेही वर्णन आढळते.

नियंत्रणाची साधने : माहूत कानांमागे पायांनी दाब देऊन, ठरावीक शब्द उच्चारून व अंकुशाने टोचून हत्तीला चालवितो. आईन-इ-अकबरीत मोगल गजशाळेची तपशीलवार माहिती मिळते. तीनुसार मानेवर माहूत व पाठीमागे पुठ्ठ्यावर भोई बसे. भोई लढाईत साहाय्य करी, वेग वाढवी व प्रसंगी माहुताचेही काम पाही. हत्ती अनावर झाल्यास लोहलंगर वापरीत. ही हत्तीच्या उजव्या पुढील पायाला बांधलेली लांब साखळी असून तिच्या दुसऱ्या टोकाला लाकडाचा जड ओंडका असे. माहुताने तो खाली टाकताच साखळी पायात गुंतून हत्ती थांबे. झुंजणारे हत्ती सोडविण्यासाठी चरखी पुढे करीत. दोन्ही टोकांना दारू पेटविलेली ही पोकळ बांबूची नळी मोठा आवाज करीत फिरे. ही दोन्ही साधने अकबराने शोधून काढली, असे अबुल फज्ल म्हणतो. तरीही त्यांचा उपयोग नेहमीच होई असे नाही. २८ मे १६३३ रोजी आग्रा येथील झुंजीत सुधाकर नावाचा हत्ती चौदा वर्षांच्या औरंगजेबावर चालून गेला, तो आतषबाजीला न जुमानताच.

नियंत्रण सुटल्याचे परिणाम : झेलमच्या लढाईत (इ. स. पू. ३२६) माहूत मारले गेल्यावर पोरसाचे जखमी हत्ती शत्रूबरोबर स्वपक्षालाही तुडवू लागले. मेटॉरसच्या लढाईत (इ. स. पू. २०७) कार्थेजच्या माहुतांजवळ छिन्नी व हातोडा दिलेला होता, असे रोमन इतिहासकार लिव्ही लिहितो. हत्ती बेफाम झाल्यास माहुताने ती छिन्नी मानेच्या सांध्यात ठोकून त्याला ठार करावे, अशी योजना होती. आपण पोसलेल्या जनावराला मारण्याची जबाबदारी अशा रीतीने माहुतावरच येई.

सेनापती हत्तीवर बसल्यास तो साऱ्या सैन्याला दिसे. मात्र तो दिसेनासा झाला, की सैन्याचा धीर सुटे. पानिपतच्या दुसऱ्या लढाईत (१५५६) हवाई नावाच्या हत्तीवरील हेमूच्या डोळ्यात बाण घुसला आणि त्याची फौज उधळली. माहुताने जीव वाचविण्यासाठी आपला धनी कोण ते सांगून टाकल्याचे अकबरनाम्यात नमूद आहे. सामूगढ येथे (१६५८) दारा शुकोह हत्तीवरून उतरून घोड्यावर बसला. रिकामा हौदा पाहून तो पडला असे सैन्याने मानले.

दख्खन : तालिकोटच्या लढाईत (१५६५) निजामशाही हत्ती चालून येताच भोई पालखी टाकून पळाले आणि रामराया पकडला गेला, असे फिरिश्ता सांगतो. हत्तींच्या धडकेचे भय दुर्गरचनेतही दिसते. दौलताबादच्या किल्ल्याच्या दरवाजावर यासाठी लोखंडी अणकुचीदार खिळे बसविलेले आहेत. मलिक अंबरने १६१० मध्ये याच किल्ल्याच्या टापूत खडकी (छत्रपती संभाजीनगर, पूर्वीचे औरंगाबाद) वसविली. तिच्या उत्तरेस हर्सूल आहे. गनिमी काव्याने लढणाऱ्या त्याच्या फौजेत मराठा स्वारांचा मोठा भरणा होता. रसद तोडून निसटणाऱ्या हलक्या घोडदळापुढे संथ गजदलाचा टिकाव लागत नसे. शिवाजी महाराजांच्या सैन्याचाही मुख्य भर घोडदळ व पायदळ यांवर होता.

ऱ्हास : तोफा व बंदुका यांच्या आवाजाने हत्ती बिथरू लागल्यावर त्यांचे स्थान आघाडीवरून ओझी वाहण्याकडे व अंबारीच्या मानाकडे सरकले. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश फौजेतील अवजड तोफा हत्ती ओढीत. पण शत्रूच्या माऱ्याच्या टप्प्यात येताच त्यांच्या जागी बैल जुंपावे लागत. बडोदे व कोल्हापूर संस्थानांत साठमारीचा खेळ चाले. त्यात मस्त हत्तीला डिवचून चपळ माणसे त्याला चुकवीत. हा खेळ संपला, पण सत्तास्पर्धेला ‘साठमारी’ म्हणण्याचा प्रघात मराठीत टिकून आहे.

सुधाकर, हवाई अशी हत्तींची नावे तवारिखांत नोंदलेली आढळतात. माहुतांची मात्र क्वचितच. वस्तुतः गजदलाचे सारे सामर्थ्य अखेर या एका माणसावर अवलंबून असे. तो पडला, की राज्याचे हे बहुमोल अस्त्र उभय पक्षांना सारखेच धोक्याचे ठरे.