गणनेचे दोन मार्ग

जुन्नर तालुक्याचा आणि अंकांचा संबंध आजकालचा नाहीं. नाणेघाटांतील सातवाहनकालीन लेखांत यज्ञप्रसंगीं दिलेल्या दक्षिणेची मोजदाद कोरलेली असून, हिंदुस्थानांतील अत्यंत जुन्या अंकचिन्हांत तिची गणना होते. त्याच तालुक्यांत, खोडद येथें, आज अहोरात्र प्रचंड आकडेमोड चालते. तिचा इतिहास बोधप्रद आहे.

गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेंतून उभ्या राहिलेल्या तेथील रेडिओ दुर्बिणींत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. प्रत्येकीचा संदेश दुसऱ्या प्रत्येकीशीं ताडून पाहिल्यावांचून आकाशाचें चित्र उमटत नाहीं. म्हणजे एकाच वेळीं ४३५ जोड्या जुळवावयाच्या. प्रारंभीं याकरितां खास घडविलेलें यंत्र होतें. २०१० च्या सुमारास मात्र बाजारांत मिळणाऱ्या सामान्य संगणकांचा समूह तेंच काम करूं लागला.

ही युक्ति १९९४ सालीं अमेरिकेंतील नासाच्या गॉडर्ड केंद्रांत स्टर्लिंग व बेकर यांनीं १६ साधे संगणक जोडून गाजविली. परंतु पुण्यास तिचें मर्म अपरिचित नव्हतें. अमेरिकेकडून हवा तसा महासंगणक मिळेना, तेव्हां १९८८ सालीं सी-डॅक संस्था निघाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ सालीं ‘परम ८०००’ सिद्ध झाला. तोही एका बलाढ्य यंत्राचा नव्हे, तर अनेक लहान ट्रान्सप्यूटरांच्या सहकार्याचाच विजय होता.

मग महासंगणकाचें प्रयोजन काय? उत्तर कामाच्या स्वभावांत आहे. नारायणगांवच्या मळ्यांत द्राक्षें खुडणाऱ्या मजुरांनीं एकमेकांशीं न बोलतां आपापली ओळ पुरी केली तरी चालतें. दुर्बिणीचें काम बव्हंशीं याच जातीचें: संदेशांचे तुकडे वाटून दिले, कीं प्रत्येक यंत्र आपल्यापुरतें मोकळें. हवामानाच्या गणितांत मात्र प्रत्येक चौकोनाचें भाकीत शेजारच्या चौकोनावर अवलंबून. तेथें क्षणोक्षणीं निरोप जावे लागतात, आणि स्वस्त समूहाचा पुष्कळसा वेळ निरोपाची वाट पाहण्यांतच जातो. महासंगणकासाठीं अधिक मोल द्यावयाचें तें बव्हंशीं शीघ्र निरोप्यांचें.

सप्टेंबर २०२४ मध्यें ह्याच दुर्बिणीच्या संशोधनाकरितां ‘परम रुद्र’ महासंगणक राष्ट्रास अर्पण झाला. यांत समूहाचा पराभव नाहीं. आजचा महासंगणकही शीघ्र तारांनीं बांधलेला समूहच होय.

द्रव्याभावीं संशोधन अडलें, अशी तक्रार आमच्या महाविद्यालयांतून नित्य ऐकूं येते. ती सर्वस्वी खोटी नव्हे. परंतु आपलें काम द्राक्षांच्या जातीचें कीं हवामानाच्या, हें आधीं ओळखण्यास पैसा लागत नाहीं. आणि तें ओळखल्यावांचून मिळालेला पैसाही वायांच जातो.